चौसष्ट मिली

दोन लिटरच्या कॅनमधलं पांढरंशुभ्र औषध फुलाबाई चहाच्या पातेल्यात ओतणार, तेवढ्यात त्यांची सून उत्कर्षा तोंडातला ब्रश तसाच ठेवून धावली आणि तिनं कॅन हिसकावून घेतला. ओट्यावर जे पांढरं असेल ते दूध, असा त्या घरातला चाळीस वर्षांचा नियम होता. गोठ्यात पाच म्हशी असलेल्या घरात असा नियम असला तर त्यात कुणाची चूक काढता येत नाही.

"आई, ते जस्त हाय. मक्यावर मारायचं," उत्कर्षा म्हणाली.

"मग वट्यावर कशाला ठिवलंस?" फुलाबाईंनी विचारलं. प्रश्न बरोबर होता, त्यामुळे उत्कर्षानं कॅन उचलून आतल्या खोलीत नेला.

उत्कर्षा बारामतीच्या एका कृषी महाविद्यालयात चार वर्षं पीएच.डी. करत होती. आठवडाभर ती तिथंच खोली घेऊन राहायची आणि शनिवारी सणसरला घरी यायची. तिचा विषय होता नॅनो जस्त, म्हणजे जस्ताचे इतके बारीक कण की एका केसाच्या जाडीत सातशे-आठशे शेजारी शेजारी बसावेत. जमिनीत जस्त कमी पडलं की मका पिवळा पडतो, पानांवर फिकट पट्टे येतात. असं औषध फवारलं तर तो सुधारतो, हे तिला शेतात सिद्ध करून दाखवायचं होतं. चार वर्षांत प्रयोग दोनदा फसला होता. एकदा पावसानं धुऊन नेला आणि एकदा शेजारच्याच्या शेळीनं खाल्ला. आता मिळालेली मुदतवाढ ही शेवटची. समितीचे अध्यक्ष सर्जेराव सर मागच्या खेपेस सगळ्यांसमोर म्हणाले होते, "शेळीचं आम्ही ऐकून घेतलं. पुढच्या वेळी आकडे जुळत असतील तरच शेत दाखवायला बोलवा. नाहीतर नोंदणी बंद." त्यामुळे हा कॅन म्हणजे उत्कर्षाची चार वर्षं होती, आणि ती नुकतीच आलं-वेलदोडा पडून उकळता उकळता वाचली होती.

सासरे आप्पासाहेब यांनी जनावरांसाठी केलेल्या मक्यातल्या सहा सऱ्या प्रयोगाला दिल्या होत्या. तीन सऱ्यांवर औषध मारायचं, तीनवर नुसतं पाणी. पेरणीनंतर पंधराव्या, बाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशी फवारणी, आणि ते तिन्ही दिवस नेमके बुधवारी येत होते. बुधवारी उत्कर्षा बारामतीत. तेव्हा फवारणी घरच्यांनी करायची असं ठरलं. आप्पासाहेब शेतात फोन नेत नसत, कारण फोन नेला की माणूस बांधावर बसतो असं त्यांचं मत होतं. म्हणून उत्कर्षानं पंपाला किती औषध घालायचं ते नवऱ्याला, म्हणजे युवराजला, फोनवर सांगायचं. युवराजनं ते न्याहारीच्या वेळी आप्पांना सांगायचं. आप्पांना मोजपात्रावरच्या बारीक रेघा दिसत नसत, म्हणून त्यांनी ते फुलाबाईंना सांगायचं. फुलाबाईंनी पंप भरायचा आणि आप्पांनी तो पाठीवर घेऊन मारायचा. उत्कर्षाला ही व्यवस्था पक्की वाटली. चार माणसं एका कामावर लक्ष ठेवून असल्यावर चूक होईलच कशी, असा तिचा हिशोब होता.

आता या घराची एक सवय सांगायला हवी. आप्पासाहेबांच्या घरात कुठलंही माप हे सुरुवातीचं माप समजलं जाई. कंपनीवाला खताच्या पोत्यावर जे लिहितो ते भित्र्या माणसासाठी असतं, असं आप्पा म्हणत. डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली तर फुलाबाई पूर्ण घेत, कारण अर्धी गोळी पोरांना देतात. युवराज शिकलेला, दूध संकलन केंद्रात कामाला. तो असलं काही मानत नसे. तरी पाहुण्याला चहा विचारताना त्याचा हात आपोआप दोन बोटं दाखवायचा. यात कंजूषपणाचा तिटकारा होता, माया होती आणि थोडा हट्ट. उत्कर्षा लग्न होऊन तीन वर्षं हे बघत होती आणि त्याचा औषधाशी संबंध असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचं असंच होतं. त्याला कण दिसतो, घरातलं माणूस दिसत नाही.

किती औषध घालायचं हे काढणं सोपं नव्हतं. महाविद्यालयातलं यंत्र कण मोजून द्यायचं: एका मिलीलिटरमध्ये एक लाख कोटी कण, प्रत्येकाचं माप शंभर नॅनोमीटर. पण शिफारस होती वजनात. फवारणीच्या एका लिटर पाण्यात शंभर मिलीग्रॅम जस्ताचं औषध. म्हणजे कणांच्या गर्दीचं वजन काढायचं. एका कणाचं वजन काढून त्याला लाख कोटींनी गुणायचं. उत्कर्षानं तो हिशोब पहिल्या वर्षीच संगणकावर मांडून ठेवला होता. त्यात यंत्रानं दिलेला आकडा टाकला की उत्तर यायचं. उत्तर आलं, कॅनमधल्या एका लिटरला साडेतेवीस ग्रॅम. म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला चौसष्ट मिली. तिनं ते दोनदा तपासलं आणि बुधवारी सकाळी फोन केला.

"बरोबर चौसष्ट मिली. लिहून घेता का?"

"चौसष्ट ध्यानात राहतंय की," युवराज म्हणाला.

तिन्ही बुधवार पार पडले. आणि मका असा काही उठला की बघणाऱ्यानं बघत राहावं. पाणी मारलेल्या तीन सऱ्या फिक्या, पट्टे पडलेल्या, आणि शेजारच्या तीन काळ्याभोर हिरव्या, पानं हातभर रुंद. शेजारचे झुंबरराव रोज बांधावर येऊन उभे राहू लागले. हे तेच, ज्यांच्या शेळीनं आधीचा प्रयोग खाल्ला होता. औषधाचं नाव सांगा म्हणून त्यांनी आप्पांच्या मागे लकडा लावला. आप्पांनी सांगितलं की नाव अजून ठेवलेलं नाही, बारसं समितीसमोर व्हायचं आहे. समिती येत्या गुरुवारी येणार होती.

त्याआधीच्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आप्पा डाळिंबांची प्रतवारी करत ओसरीवर बसले होते. उत्कर्षा शेजारी बसून समितीपुढं काय बोलायचं याची तयारी करत होती. आप्पांनी विचारलं की न दिसणाऱ्या कणाचं वजन तू करतेस तरी कसं. समितीपुढं बोलायची हीच तालीम, असं समजून उत्कर्षानं सांगायला घेतलं. ऊस तोडायच्या आधी टनेज काढता तसंच, ती म्हणाली. गुंठ्यातले ऊस मोजायचे, एका उसाचं वजन करायचं आणि गुणायचं. आप्पांना ते लगेच पटलं. फक्त ऊस तोडून काट्यावर टाकता येतो, कण टाकता येत नाही. म्हणून कण गोल धरायचा, त्याच्या मापावरून तो केवढी जागा व्यापतो ते काढायचं आणि त्यावरून वजन.

"मंजी न तोलता वजन?" आप्पांनी हातातलं डाळिंब पुढं केलं. "ह्याचं सांग बरं. मग काट्यावर टाकू."

उत्कर्षानं पट्टी घेऊन डाळिंब मापलं. आठ सेंटिमीटर. डाळिंब पाण्याइतकंच जड धरू, असं म्हणून तिनं मोबाइलवर आपल्याच हिशोबात आकडा टाकला, अगदी कणासाठी टाकायची तसाच. उत्तर वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"दोन किलो एकशे पंचेचाळीस ग्रॅम."

आप्पांनी डाळिंबाकडं पाहिलं, मग सुनेकडं पाहिलं. त्यांनी ते काट्यावर ठेवलं. काट्यानं पावणेतीनशे ग्रॅम दाखवलं.

"दोन किलोचं डाळिंब मी उभ्या जन्मात बघितलं न्हाय," आप्पा सौम्यपणे म्हणाले. "भोपळ्याचं गणित लावलंस का गं?"

उत्कर्षानं हिशोब पुन्हा उघडून पाहिला. हिशोबाला हवं होतं ते मधल्या बिंदूपासून सालीपर्यंतचं माप, म्हणजे अर्धं. तिनं टाकलं होतं या सालीपासून त्या सालीपर्यंतचं, आरपार. पहिल्या वर्षी महाविद्यालयात जुनं यंत्र होतं आणि ते अर्धंच माप द्यायचं. मग नवीन यंत्र आलं. ते आरपार माप देतं. यंत्र बदललं, हिशोब तोच राहिला. आणि गोल वस्तूचं माप दुप्पट धरलं की वजन दुप्पट होत नाही, दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट होतं. म्हणजे कॅनमध्ये लिटरला साडेतेवीस ग्रॅम कधी नव्हतेच. तीनच ग्रॅम होते, तेही थोडे कमी. पंपाला चौसष्ट नाही, पाचशे बारा मिली घालायला हवं होतं. तिनं तिन्ही बुधवारी मक्याला आठवा हिस्सा औषध पाजलं होतं.

तिनं मोबाइल पालथा ठेवला. मग तिला शेतातला मका आठवला. आठव्या हिश्श्यानं एवढा मका उठतो?

सोमवारी सकाळी तिनं मार्गदर्शक वृषाली मॅडमना खरं ते सांगून टाकलं. आपल्याला रागावतील म्हणून ती खाली मान घालून उभी राहिली. वृषाली मॅडम रागावल्या नाहीत. त्या खुर्चीतून उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या. अख्ख्या मात्रेचं काम आठवा हिस्सा करतो, म्हणजे ही चूक नसून शोध आहे, असं त्यांनी जाहीर केलं. दुपारपर्यंत कार्यक्रमपत्रिका बदलली. संध्याकाळपर्यंत 'अष्टमांश मात्रा: मका पिकातील नवी दिशा' असा दहा फुटी फलक छापायला गेला. एका वर्तमानपत्राच्या बातमीदाराला गुरुवारचं आमंत्रण गेलं. युवराजच्या फोनवरून ही बातमी आप्पांना आणि आप्पांकडून झुंबररावांना कळली. अर्ध्या तासात झुंबरराव रिकामी बाटली घेऊन दारात हजर झाले. आठवाच हिस्सा लागतो तर एक घोट द्यायला काय हरकत आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

फक्त एक बारीक काम राहिलं होतं. सर्जेराव सर आकड्यांवर बोट ठेवतात, म्हणून उरलेल्या औषधातले कण पुन्हा एकदा मोजून घे, असं मॅडम म्हणाल्या. कॅन उत्कर्षानं रविवारी निघतानाच मागून घेतला होता. त्यावर तिनं सुरुवातीलाच शाईनं रेघा मारल्या होत्या. पहिल्या फवारणीनंतर औषध इथवर उरेल, दुसरीनंतर इथवर, तिसरीनंतर इथवर. औषध बरोबर तिसऱ्या रेघेला टेकलं होतं, केसभर इकडं तिकडं नाही. घरच्या माणसांचा तिला अभिमान वाटला.

मंगळवारी यंत्रानं आकडा दिला. एका मिलीलिटरमध्ये साडेपंचवीस हजार कोटी कण.

लाख कोटी होते, पाव उरले. तिनं नमुना हलवून पुन्हा घातला. पुन्हा तेच. कण एकमेकांना चिकटले असतील, असं मॅडम म्हणाल्या. पण चिकटले असते तर कण मोठे दिसायला हवे होते. ते होते तेवढेच, शंभर. मॅडमनी हळूच विचारलं की मग बाकीचे कण गेले कुठं. फलक तोवर छापून आला होता आणि टेबलाशेजारी गुंडाळी होऊन उभा होता. परवा सर्जेराव सर येऊन हाच प्रश्न विचारतील, त्यावर आपल्याकडं उत्तर नसेल आणि चार वर्षं तिथं बांधावरच संपतील, हे उत्कर्षाला अगदी स्पष्ट दिसलं. दुपारच्या एसटीनं ती सणसरला निघाली.

घरी चहाची वेळ होती. सगळे ओसरीवर होते. उत्कर्षानं कुणावर आरोप केला नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "यंत्र म्हणतंय, कॅनमधल्या चार हिश्श्यांतलं तीन हिस्सं नुसतं पाणी हाय."

फुलाबाईंनी कपबशी खाली ठेवली. "यंत्राला पाणीबी कळतं?"

"कण मोजल्यावर कळतं, आई."

मग फुलाबाईंनी सांगून टाकलं. रविवारी तू कॅन मागितलास, मी आत जाऊन बघितलं तर तो पार तळाला गेलेला. तुझी रेघ कुठं आणि औषध कुठं. पोरीला वाटंल आमी सांडून टाकलं, म्हणून रेघेपातूर पाणी घातलं.

"पण तळाला कसा जाईल?" उत्कर्षा म्हणाली. "मी चौसष्ट मिली सांगितलेलं. तीन पंपांचं दोनशेसुद्धा हुत न्हाय."

"चौसष्ट?" फुलाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. "ह्यांनी तर मला दोनशे छप्पन सांगितलं."

"मग तुमी दोनशे छप्पन घातलं?"

"दोनदा," फुलाबाई म्हणाल्या. "अगं, ह्यांचा हात आखडता. लगीन झाल्यापासनं बघते मी. एवढं सांगितलं की त्याच्या दुप्पट घालायचं, मंजी बरोबर हुतं."

आप्पांना हे पहिल्यांदाच कळत होतं. त्यांनी पाठ सरळ केली. आपला हात आखडता नाही, त्यांनी बजावलं. उलट आपणच युवराजनं सांगितलेलं दुप्पट करून पुढं सांगितलं, कारण हल्लीची पोरं सगळं कागदावर बघून जपून करतात. युवराजनं आपल्याला एकशे अठ्ठावीस सांगितलं होतं.

सगळ्यांनी युवराजकडं पाहिलं. युवराज बिस्किटाचा पुडा वाचत होता.

"अहो," उत्कर्षा म्हणाली, "मी किती सांगितलेलं?"

"चौसष्ट." युवराजनं पुडा खाली ठेवला. "पण पंधरा लिटर पाण्यात चौसष्ट? अर्धा कप चहा हुतो. मला वाटलं, तुझं औषध, मन मोठं करवत नसंल तुझं. म्हणून थोडं वाढवून सांगितलं."

"थोडं?"

"दुप्पट," युवराज म्हणाला. त्या घरात थोडं म्हणजे तेवढंच होतं.

उत्कर्षानं आप्पांच्या प्रतवारीच्या पुठ्ठ्यावर खाली खाली चार आकडे लिहिले. चौसष्ट. एकशे अठ्ठावीस. दोनशे छप्पन. पाचशे बारा. शेवटच्या आकड्यावर पेन्सिल थांबली. तिनं आठपट चूक केली होती, आणि तीन माणसांनी एकमेकांना न सांगता दुप्पट, त्याची दुप्पट, त्याची दुप्पट करून ती चूक मिलीलिटरला मिलीलिटर भरून काढली होती. मक्याला अगदी शिफारशीएवढं औषध मिळालं होतं. तिला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा फुलाबाई घाबरल्या आणि त्यांनी तिच्या चहात आणखी दोन चमचे साखर घातली.

मग तिनं ताळा केला. दोन हजार मिलीमधून तीन वेळा पाचशे बारा गेले, उरले चारशे चौसष्ट. त्यात तिसऱ्या, म्हणजे अठराशे आठच्या रेघेपर्यंत पाणी पडलं. म्हणजे कण उरायला हवेत सव्वीस हजार कोटींना थोडे कमी. यंत्रानं साडेपंचवीस हजार दिले होते. त्या यंत्रानं आयुष्यात पहिल्यांदाच एका सासूचा जबाब तपासला होता आणि तो खरा निघाला होता.

गुरुवारी समिती आली. वृषाली मॅडमना बुधवारीच सगळं कळलं होतं, पण फलक बांधणारी माणसं पहाटेच येऊन गोठ्याला तो बांधून गेली होती. त्यामुळे मॅडम सगळा वेळ हात पसरून 'अष्टमांश' या शब्दासमोर उभ्या होत्या. आणि त्या इतक्या उत्साहानं म्हशींची माहिती का देत आहेत ते बातमीदाराला कळत नव्हतं. झुंबरराव बाटली घेऊन बांधावर होतेच.

सर्जेराव सरांनी दोन्हीकडचा मका पाहिला, पानं उलटून पाहिली आणि अपेक्षित प्रश्न विचारला. पंपात नेमकं किती औषध गेलं, हे कशावरून? उत्कर्षानं डाळिंबापासून कॅनपर्यंत सगळं सांगितलं. आपली चूक पहिल्यांदा सांगितली, घरच्यांची नंतर. सरांनी फुलाबाईंना पुढं बोलावलं.

"बाई, मोजपात्र कितीदा भरलं?"

"दोनदा. दोनशे छप्पनच्या रेघेला."

"तिन्ही वेळा?"

"व्हय. खोटं बोलून काय करू, तुमचं यंत्र हाय की."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि पत्रिकेच्या पाठीमागं गणित मांडलं. मग त्यांनी यंत्राचा कागद मागितला, शेजारी धरला आणि चष्मा काढला.

"आकडे जुळतात," ते म्हणाले. "तुमचा हिशोब चुकला, पण प्रयोग चुकला नाही. असं मी पहिल्यांदा बघतोय." त्यांनी नोंदणी पुढं चालू ठेवायला सही दिली. अट एकच घातली. पुढच्या हंगामात हाच प्रयोग पुन्हा करायचा, आणि त्या वेळी औषध मोजूनच घालायचं. हे बोलताना त्यांनी उत्कर्षाकडं न बघता आळीपाळीनं बाकीच्या तिघांकडं पाहिलं. झुंबररावांना आठव्या हिश्श्याचं काही खरं नव्हतं असं कळलं, तेव्हा त्यांनी आपली मोठी बाटली घरून आणायला माणूस पाठवला.

तो फलक पुढं कडब्याची गंजी झाकायला फार उपयोगी पडला.

पुढच्या हंगामातला पहिला बुधवार आला. हिशोब आता चोख होता, पंपाला पाचशे बारा मिली. उत्कर्षा फोन हातात घेऊन बसली आणि तिच्या मनात आलं, पाचशे बाराचे युवराजजवळ एक हजार चोवीस होणार, आप्पांजवळ दोन हजारांवर जाणार आणि फुलाबाईंजवळ अख्खा कॅन रिकामा होऊन वर कमी पडणार. मका करपून जाईल. माणसं बदलत नाहीत, आपणच शहाणं व्हावं, असं तिनं ठरवलं आणि फोन लावला.

"चौसष्ट मिली," ती म्हणाली.

"चौसष्ट," युवराज म्हणाला. या वेळी त्यानं लिहून घेतलं.

सांगून झालं, पण तिला चैन पडेना. शेवटी रजा टाकून ती पहिल्याच एसटीनं निघाली आणि थेट शेतात पोचली. पंप पाण्यानं भरून बांधावर उभा होता. आप्पा तो पाठीला लावायच्या तयारीत होते. तिला बघून तिघांचेही चेहरे उजळले.

"बरं झालं आलीस," फुलाबाई म्हणाल्या. "तुज्या डोळ्यांनी बघ. मोजून चौसष्ट. थेंबभर जास्त न्हाय. ह्यांनी चौसष्ट सांगितलं, मी चौसष्ट घातलं."

"आन् युवराजनं मला चौसष्टच सांगितलं," आप्पा म्हणाले. "त्या सरांनी म्हातारपणी शिकवलं आमाला. ह्या घरातला हा पहिला मोजून भरलेला पंप हाय, सूनबाई."

आपण तुमच्यावर विश्वास ठेवला नाही, हे सांगायची उत्कर्षाची हिंमत होईना. त्यांच्या अभिमानापुढं ते सांगणं बरंही दिसलं नसतं. तिनं खाली वाकून मोजपात्र उचललं, कॅनमधून चौसष्ट मिली मोजलं आणि पंपात ओतलं. मग आणखी एकदा. मग आणखी. तिघंही बघत होते. सातव्यांदा ओतल्यावर पाचशे बारा पुरे झाले, तेव्हा तिनं पंपाचं झाकण लावलं आणि कुणाकडं न बघता कॅन बंद केला.

फुलाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"आमी दुपटीवर थांबत हुतो," त्या कौतुकानं म्हणाल्या. "ही तर आठपटीवर गेली. आता शोभते आपल्या घरात."

आप्पांनी मान डोलावली आणि पंप पाठीवर घेतला.